नवं यंत्र अंगवळणी कसं पडतं? सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एकच सूर आहे. यंत्र चांगलं आहे, पैसे मोजून घेतलं आहे, पण माणसं ते वापरत नाहीत. शेतातला कंट्रोलर असो, मागावरचा स्क्रीन असो की ओट्यावरची इंडक्शन शेगडी, तक्रार तीच. उत्तरं देताना आम्ही एक गोष्ट धरून चाललो आहोत. माणूस नव्या यंत्राला भीत नाही. हातून काही चुकलं तर मागे कसं फिरायचं हे दिसत नाही, म्हणून तो हात आखडता घेतो.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघड-बंद करणारा कंट्रोलर आम्ही बनवतो. चार बटणं, निळा डिस्प्ले, दिवसाचं वेळापत्रक भरायची सोय. सांगोला आणि मंगळवेढ्याकडच्या डाळिंब बागायतदारांनी घेतला. पंधरा दिवस चालवतात आणि मग पुन्हा हातानेच व्हॉल्व्ह फिरवतात. यंत्रात बिघाड नसतो. चुकतंय कुठे?

सगळ्यात मोठी चूक वेळापत्रकात आहे. शेतकरी पाण्याचा विचार घड्याळावर करत नाही. ‘लाईट आली की पहिल्या प्लॉटला अडीच तास, मग दुसऱ्याला’ असा त्याचा हिशोब असतो. तुमचा कंट्रोलर त्याला विचारतो, किती वाजता सुरू करू? शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. सकाळी सहाची वेळ भरली आणि लाईट साडेआठला आली, तर पहिला व्हॉल्व्ह कोरडाच उघडतो, कोरडाच मिटतो आणि त्या प्लॉटची पाळी बुडते. दोनदा असं झालं की तो यंत्रावर विसंबत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. डाळिंबाला पाण्याची ओढाताण झाली की फळ तडकतं.

म्हणून कार्यक्रम पाळीवर बांधा. लाईट आली, लाईनीत दाब तयार झाला की पहिला व्हॉल्व्ह उघडावा. त्याचे तास भरले की दुसरा. मध्येच लाईट गेली तर किती वेळ पाणी गेलं होतं ते पेटीतल्या कार्डाने (सर्किट बोर्डाने) लक्षात ठेवावं आणि लाईट आल्यावर उरलेलंच द्यावं. असं केलं की घड्याळाची गरजच फारशी उरत नाही. तरी ठेवायचं असेल तर त्याचा सीआर 2032 सेल सोल्डर करू नका, होल्डरमध्ये बसवा, म्हणजे तो गावातल्या गावात बदलता येईल.

चार बटणांचा मेनू काढून टाका. प्रत्येक व्हॉल्व्हला एक गोल नॉब द्या, शून्य ते पाच तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खुणांचा. झाडाला चार ड्रिपर, प्रत्येकी ताशी 4 लिटर, म्हणजे ताशी 16 लिटर. 40 लिटर द्यायचे तर अडीच तास. हा हिशोब बागायतदाराला तोंडपाठ असतो. नॉब अडीचवर आणला की संपलं. शिवाय नॉब कुठे आहे हे चार पावलांवरून दिसतं. मेनूत भरलेला आकडा दिसत नाही. तो पाहायला पुन्हा बटणं दाबावी लागतात आणि पाहता पाहता भलतंच काही बदलेल ही धास्ती असते. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असा डिस्प्ले उन्हात वाचताही येत नाही. ठेवायचाच असेल तर पिवळसर हिरव्या पाटीवर काळी अक्षरं असलेला घ्या, त्याला उन्हाचाच उजेड पुरतो.

आता पेटीवरचा तो हिरवा दिवा. तो पेटला की शेतकरी समजतो पाणी चालू झालं. प्रत्यक्षात तो एवढंच सांगतो की व्हॉल्व्हच्या कॉइलकडे 24 व्होल्ट गेले. व्हॉल्व्हच्या आतल्या बारीक छिद्रात वाळूचा कण अडकला, लॅटरल म्हणजे ड्रिपरची नळी सुटली, फिल्टर तुंबला, तरी दिवा हिरवाच. एकदा असा दिवा खोटा ठरला की माणूस बांधावर जाऊन बघू लागतो, आणि बांधावर जायचंच आहे तर व्हॉल्व्ह हाताने फिरवायला काय हरकत? व्हॉल्व्हच्या पुढे सबमेनवर, म्हणजे त्या प्लॉटला पाणी नेणाऱ्या पाइपवर, प्रेशर स्विच बसवा, अर्धा किलो दाबाला (दर चौरस सेंटिमीटरला) जुळवा, आणि दिव्याची वायर त्या स्विचवरून आणा. दिवा म्हणजे पाणी, हे एकदा पटलं की निम्मं काम झालं. फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक गेज असतोच. दोन्हींत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक पडला की बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या पाण्याने फिल्टर धुवायचा, ही सूचना गेजशेजारीच रंगवून टाका, पुस्तिकेत नको.

तीन जागांचा एक फिरता स्विच हवाच: ‘हाताने’, ‘बंद’, ‘आपोआप’. ‘हाताने’वर टाकल्यावर कार्ड पूर्ण वगळलं गेलं पाहिजे. कार्ड जळालं तरी बागेला पाणी मिळेल ही खात्री असेल तरच शेतकरी ‘आपोआप’वर भरवसा टाकतो. आमच्या मते हा या यंत्रातला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि तोच तुमच्या पेटीवर नाही.

फोन लावून मोटर चालू-बंद करणाऱ्या मोबाईल ऑटोकडे पाहा. तो वाड्या-वस्त्यांपर्यंत कोणी न शिकवता पोचला. फोन लावणं लोकांना आधीच येत होतं, आणि पलीकडून ‘मोटर चालू आहे’ असं उत्तर मिळतं. साध्या ऑटो स्विचचंही तसंच झालं, पण त्याच्या रचनेत एक दोष राहिला. लाईट येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. महावितरण म्हणूनच ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा असं पुन्हा पुन्हा सांगतं. तुमच्या पेटीवरून मोटरही उठत असेल, तर सुरुवातीची दिरंगाई प्रत्येक पेटीत वेगळी ठेवा, 1 ते 10 मिनिटांच्या दरम्यान कुठेही. मात्र त्या वेळात पिवळा दिवा लुकलुकला पाहिजे, नाहीतर ‘लाईट आली तरी मोटर उठत नाही’ म्हणून माणूस पेटी उघडून बसेल.

पेटी आयपी 65 ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारी घ्या, ग्लँड (वायर आत घेणारी बुचं) खालच्या बाजूला, न वापरलेली भोकं बंद. मुंग्या आणि पाली यांनी शॉर्ट झालेली कार्डं गॅरंटीत परत येतात, त्यात शेतकऱ्याचा दोष नसतो. नॉबच्या दांड्याला रबरी सील लावा. पेटीवर पत्र्याची सावली हवी आणि तोंड उत्तरेला. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हातल्या पेटीत प्लॅस्टिक आणि कपॅसिटर दोन्ही लवकर म्हातारे होतात.

प्रश्न : अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. प्रत्येक मागाला टच स्क्रीन बसवला. माग थांबला की कामगाराने नऊपैकी एक कारण निवडायचं. कामगार पहिलंच कारण दाबून मोकळे होतात, दोघांनी तर स्क्रीनवर पोतं टाकलं. त्यांना शिस्त कशी लावावी?

शिस्तीचा प्रश्न नाही हा. माग थांबला त्या क्षणी कामगाराच्या दोन्ही हातांची बोटं तुटलेल्या धाग्याची टोकं जोडण्यात गुंतलेली असतात आणि शेजारचे माग त्याच्याच भरवशावर चालू असतात. मजुरी नगावर असेल तर स्क्रीनवर घालवलेलं प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जातं. माहिती तुम्हाला हवी आहे आणि किंमत तो मोजतो आहे. असं यंत्र कुठेच टिकत नाही.

जे मागाला स्वतःला कळतं ते माणसाला विचारू नका. ताण्याचा (उभा) धागा तुटला की त्यावर लटकलेली ड्रॉप पिन पडते, पट्टीला टेकते, सर्किट पुरं होतं आणि माग थांबतो. तोच इशारा तुमच्या यंत्राला द्या. बाण्याचा (आडवा) धागा तुटल्याचं वेफ्ट फोर्क या काट्यावरून कळतं. ही दोन कारणं आपोआप नोंदली गेली की थांबण्याचा मोठा भाग निघून जातो. उरलेल्यांसाठी तीन मोठी दाबायची बटणं पुरेत: बीम (ताण्याचा रूळ) बदल, बिघाड, धागा नाही. बटण 40 मिलिमीटरचं घ्या, तळहाताने दाबता येईल असं. टच स्क्रीनवर स्टार्चचा आणि तेलाचा हात लागला की तो चालेनासा होतो.

मजकूर शक्यतो नकोच. तुमच्या शेडमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू चारही बोलणारे असतील. तुटलेला धागा, गुंडाळलेला बीम, पाना अशी चित्रं काढा. फोनमुळे आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. इशारा आवाजाने देऊ नका. मागांच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर असतो, तिथे बझर कोणाला ऐकू जाणार? उंच खांबावर दिवा लावा, आणि ताण्यासाठी स्थिर, बाण्यासाठी लुकलुकता ठेवा. नुसता लाल-हिरवा फरक ठेवलात तर ज्यांना हे रंग नीट ओळखू येत नाहीत ते अडकतील, आणि ते सांगणारही नाहीत.

मोजणीच चुकत असेल तर आधी सेन्सर बघा. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरच्या काचेवर एका पाळीत तंतूंचा थर बसतो आणि आकडा मागे पडतो. कामगाराच्या हिशोबापेक्षा स्क्रीनचा आकडा कमी आला की संशय कायमचा. लोखंड ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर लावा. एम 18 (18 मिलिमीटर व्यासाच्या) आकाराचा, 5 मिलिमीटर पल्ल्याचा असेल तर फटीत 3 मिलिमीटर ठेवा. त्याला तंतूंनी फरक पडत नाही.

आणि स्क्रीनने कामगाराला काहीतरी द्यावं: या पाळीत किती नग झाले, एवढा एकच आकडा, मोठा, उभ्याने दिसेल असा. स्वतःचा हिशोब समोर दिसत असेल तर कोण पोतं टाकेल? शिकण्याच्या पंधरा दिवसांत मागच्या महिन्याच्या सरासरीइतकी मजुरी बांधून द्या. त्या दिवसांतला तोटा कामगाराच्या माथी मारला, तर कितीही चांगली रचना उपयोगाची नाही.

प्रश्न : सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. इंडक्शन शेगडी आणून सहा महिने झाले, त्या हात लावत नाहीत. ‘दूध उतू जातं, भाकरी होत नाही’ म्हणतात. त्यांना कसं समजवावं? (विजापूर रोड)

त्या म्हणतात ते दोन्ही खरं आहे. भाकरी इंडक्शनवर करायला सांगूच नका. शेगडीतली कॉइल तव्याच्या मधल्या भागालाच तापवते. मोठ्या ज्वारीच्या भाकरीच्या कडा कच्च्या राहतात आणि फुगायला लागणारा जाळ तिथे नाही. दुधाचंही कारण आहे. बऱ्याच स्वस्त शेगड्या कमी वॅटवर सलग मंद तापत नाहीत. पूर्ण ताकदीने काही सेकंद चालतात, काही सेकंद थांबतात. गॅसच्या बारीक आचेची सवय असलेल्या हाताला हा झटका कळत नाही आणि दूध वर येतं.

एकच काम इंडक्शनकडे द्या: वरणाचा कुकर, नाहीतर सकाळचं पाणी. बाकी सगळं गॅसवर राहू दे. कुकर इंडक्शन बुडाचा हवा. बुडाला लोहचुंबक चिकटला तर भांडं चालेल, नाहीतर नाही; ॲल्युमिनियमची पातेली आणि गोल बुडाची कढई बाद. बूड निदान 12 सेंटिमीटर रुंद. पहिली शिट्टी होईपर्यंत 1500 वॅट, मग 600 ते 800. या दोन आकड्यांच्या जागी पॅनेलवर नेलपॉलिशचे दोन ठिपके द्या.

आता मुख्य अडचण. काचेवरच्या टच बटणांना ओलं बोट चालत नाही, आणि स्वयंपाकात बोट ओलंच असतं. दाबलं तर काही होत नाही, पुन्हा दाबलं तर दोनदा होतं, मग टूंऽऽ आवाज आणि ‘ई’ असं काहीतरी. बाईमाणसाला वाटतं आपण मोडलं. दुसरी घ्यायची वेळ आली तर फिरवायचा नॉब किंवा खरोखर दबणारी बटणं असलेली घ्या. तोवर शेगडीशेजारी कोरडं फडकं ठेवा आणि ‘ई’चे अर्थ पुस्तिकेतून काढून मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवा. बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की भांडं ओळखलं नाही. ‘काही झालं तर हे एक बटण, सगळं बंद होतं’ हे सासूबाईंच्या हातून दोन-तीनदा करून घ्या, रिकाम्या वेळी, घाई नसताना.

2000 वॅटच्या शेगडीला जवळपास 9 अँपिअर लागतात. 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावली असेल तर प्लग तापेल, वास येईल, आणि मग सासूबाईंची भीती योग्यच म्हणावी लागेल. 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. काम झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत मेन बटण बंद करू नका.

प्रश्न : कमी विजेवर आणि रिमोटवर चालणारे बीएलडीसी पंखे लावले. लाईटबिल उतरलं, पण रिमोट सापडत नाही म्हणून घरात रोज भांडण.

पंखा 75 वॅटवरून 30 वॅटच्या आसपास आला, पण भिंतीवरचा रेग्युलेटर गेला. वीज वाचली आणि पिढ्यांची सवय मोडली. काही मॉडेलमध्ये भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की वेग एक पायरी बदलतो. तुमच्यात ती सोय आहे का ते पुस्तिकेत बघा. जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढलेला असला पाहिजे, तो मध्ये असेल तर पंखा अडखळतो. आणि रिमोटचा होल्डर स्विचबोर्डाच्या शेजारीच ठोका, कारण हात तिथेच जातो.

प्रश्न : चाटी गल्लीत चादरींचं दुकान आहे. पैसे आल्याचं सांगणारा साउंडबॉक्स नोकरांनी एका दिवसात स्वीकारला. बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र वर्ष झालं तरी कोणी वापरत नाही, बिलबुकच चालतं. असं का?

साउंडबॉक्स कोणाकडून काही मागत नाही. यूपीआय 2016 साली आलं, क्यूआर कोड दुकानोदुकानी लागले, पण पैसे खरंच आले का हे बघायला मालकाला फोन काढावा लागे, आणि गर्दीत जुना स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही भेटत. गठ्ठा सोडताना दोन्ही हात गुंतलेल्या माणसाचे कान मोकळे असतात. रक्कम मराठीत मोठ्याने ऐकू आली की मालक, नोकर, गिऱ्हाईक तिघांची एकदम खात्री पटते. त्यात स्वतःचं सिम असतं, म्हणून मालकाचा फोन घरी असला तरी अडत नाही.

सॉफ्टवेअर नेमकं उलट वागतं. बिलबुकात नग, माल, भाव, रक्कम एका ओळीत लिहिता येतं. सॉफ्टवेअर आधी गिऱ्हाइकाचा मोबाईल मागतं, मग मालाचा कोड. घासाघीस होऊन भाव उतरला तर मागे जाऊन बदलता येत नाही. विकणाऱ्याकडून एवढ्या गोष्टी करून घ्या. पहिल्या पानावर सर्वाधिक खपणाऱ्या तीसेक मालांची मोठी बटणं, कोडऐवजी ‘सिंगल चादर’, ‘डबल चादर’ असं दुकानात बोलतात तेच नाव. रकान्यांचा क्रम बिलबुकाचाच. आणि छापण्याआधी कुठलीही ओळ बोट लावून बदलता यावी, उधारीसकट. मोबाईल नंबर शेवटी, आणि न दिला तरी बिल निघालं पाहिजे. हे जमणार नाही म्हणाले तर दुसरं सॉफ्टवेअर बघा.

प्रश्न : आम्ही पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. गावासाठी नाणं टाकून 20 लिटर शुद्ध पाणी देणारं यंत्र बनवलं. लोकांना दाखवलं, सगळे ‘छान आहे’ म्हणाले. अजून काय तपासायचं?

‘छान आहे’ हे उत्तर वहीत लिहू नका. समोर उभ्या पोरांना कोण नाही म्हणेल? पाच माणसं बोलवा, तुमच्या ओळखीची नकोत. त्यात एक शाळकरी मूल, एक आजी, एखादी विडीकाम करणारी बाई असू द्या. हातात रिकामा जार आणि पाचचं नाणं द्या आणि ‘पाणी भरा’ एवढंच म्हणा. मग गप्प राहा. हे गप्प राहणंच सगळ्यात अवघड आहे. माणूस अडला की तुमचं बोट आपोआप बटणाकडे जाईल. ते आवरा आणि हात कुठे थबकला, आधी कुठे गेला, किती सेकंद गेले एवढंच लिहा.

काही गोष्टी आत्ताच तपासून घ्या. 20 लिटरचा जार जवळपास अर्धा मीटर उंच असतो. तोटी आणि चौथरा यांत तेवढी जागा हवी, आणि घागर आणली तर पाणी बाहेर उडता कामा नये. भरलेला जार 20 किलोंहून जड, म्हणून चौथरा गुडघ्याच्या वर ठेवा, वाकून उचलायला लागू नये. वाकडं नाणं अडकलं तर ते परत देणारी दांडी हवी. आणि सगळ्यात आधी: लहान भांडं आणलेल्याला पाणी मध्येच थांबवता आलं पाहिजे. मोठं लाल बटण, दाबलं की पाणी थांबेल. पुन्हा दाबलं की राहिलेलं मिळेल. ही सोय नसेल तर पहिल्याच दिवशी कोणाची तरी कळशी भरून वाहील, पाच रुपये गेले अशी बोंब होईल, आणि पुढच्या बायका जुन्या टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहतील.

दुरुस्त्या केल्यावर दुसरी फेरी घ्या, पण वेगळी पाच माणसं बोलवून. पहिली पाच एव्हाना शिकलेली असतात.